१६० डॉलरचे गेम १२ डॉलरला? इंडी गेम्सचं बंडल घ्यावं की सोडून द्यावं, हे ठरवायचं कसं

'८ इंडी गेम्स. मूळ किंमत १६० डॉलर. आता फक्त १२ डॉलर. ऑफर संपायला ३ दिवस बाकी.'

गेमिंगच्या ग्रुपवर अशी पोस्ट पडली की खाली साधारण दोन प्रकारच्या कमेंट येतात. पहिली असते, 'भावा, डोळे झाकून घे.' दुसरी असते, 'घेऊन ठेवलंय, खेळेन कधीतरी.' पहिली कमेंट वाचून लोक खरेदी करतात आणि सहा महिन्यांनी दुसरी कमेंट लिहायला येतात.

बंडल ही फसवणूक नाही. अनेकदा ती खरोखर चांगली ऑफर असते. पण ती प्रत्येकासाठी चांगली नसते, आणि 'मूळ किंमत १६० डॉलर' या आकड्यावरून तर ते अजिबात कळत नाही. मग कशावरून कळतं?

मुळात हे बंडल प्रकरण आलं कुठून?

इंडी गेम म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशावर नाही, तर छोट्या टीमने किंवा एकट्यादुकट्या माणसाने बनवलेला गेम. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बरोन यांनी जवळपास एकट्याने, चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवला आणि २०१६ मध्ये आणला. आपल्याकडचं ठळक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं. त्यांच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न झाला, तो फसला, तरी टीमने काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला.

अशा टीमपुढे सगळ्यात मोठी अडचण असते ती लोकांच्या नजरेस पडण्याची. गेम कितीही चांगला असला तरी स्टीमसारख्या दुकानात रोज डझनावारी नवे गेम येत असतात. जाहिरातीला पैसे नसतात. पहिल्या काही महिन्यांत विक्री झाली तर झाली, नंतर गेम खाली ढकलला जातो.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' या गेमच्या वाढदिवसाला त्याच्या निर्मात्यांनी एक प्रयोग केला. गेम घ्या, हवे तेवढे पैसे द्या. ५७ हजारांहून जास्त लोकांनी तो घेतला आणि सरासरी निघाली सुमारे २ डॉलर. अनेकांनी १ सेंट दिला, पण एकूण गल्ला रिकामा राहिला नाही.

पुढच्या वर्षी, मे २०१० मध्ये, वुल्फायर गेम्स या छोट्या स्टुडिओने हीच कल्पना मोठी केली. 'वर्ल्ड ऑफ गू', 'ॲक्वेरिया', 'गिश', 'लुगारू' आणि 'पेनम्ब्रा: ओव्हर्चर' हे पाच गेम एकत्र बांधले, नंतर त्यात 'सामोरोस्ट २' घातला. किंमत ग्राहकाने ठरवायची. दिलेल्या पैशातले किती निर्मात्यांना आणि किती दोन सामाजिक संस्थांना द्यायचे, तेही ग्राहकानेच ठरवायचं. याचं नाव हंबल इंडी बंडल. दीड आठवड्यात सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी ते घेतलं आणि १२ लाख ७० हजार डॉलर जमले. म्हणजे माणशी सरासरी ९ डॉलरच्या वर. फुकटात मिळत असताना लोकांनी ९ डॉलर दिले. गंमत म्हणजे लिनक्स वापरणाऱ्यांची सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा बरीच जास्त होती.

हे यश पाहून बंडलांचं पीक आलं. हंबलचीच स्वतंत्र कंपनी झाली आणि २०१७ मध्ये झिफ डेव्हिसच्या मालकीच्या आयजीएनने ती विकत घेतली. युरोपात बंडल स्टार्स निघालं, ज्याचं आजचं नाव फॅनॅटिकल. स्टीमने स्वतःच्या दुकानात बंडल सुरू केले. आणि इच डॉट आयओ या साइटने तर कमालच केली, त्याबद्दल पुढे.

२०१० आणि आजमध्ये एक मोठा फरक आहे. तेव्हा पैसे कुणाला जावेत हे जवळपास पूर्णपणे ग्राहकाच्या हातात होतं. २०२१ मध्ये हंबलने दानाच्या रकमेवर मर्यादा घालायचा घाट घातला, लोकांनी आरडाओरड केल्यावर तो मागे घेतला, पण पुढे कंपनीचा स्वतःचा किमान वाटा ठरवूनच टाकला. त्यामुळे 'बंडल म्हणजे दानधर्म' हे समीकरण आता डोळे झाकून मांडता येत नाही. पैसे भरायच्या पानावर वाटणी दिसते, ती उघडून बघा.

'मूळ किंमत' या आकड्याचं काय करायचं?

सरळ दुर्लक्ष.

कारण १६० डॉलर ही प्रत्येक गेमच्या पूर्ण किमतीची बेरीज असते आणि त्या किमतीला ते गेम आज कुणीच घेत नसतं. बंडलमध्ये येणारे बहुतेक गेम दोन-चार वर्षं जुने असतात. स्टीमवर वर्षात चार मोठे सेल लागतात, मधे छोटे सेल असतातच, आणि जुन्या इंडी गेमवर ७०-८० टक्के सूट ही काही मोठी बातमी नाही. तुळशीबागेत दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव जेवढा खरा, तेवढीच ही 'मूळ किंमत' खरी.

तुलना करायची तर ती गेमच्या आजवरच्या सर्वांत कमी किमतीशी करायची. इज देअर एनी डील नावाच्या साइटवर कुठलाही गेम टाकला की तो आतापर्यंत कुठे, केव्हा, किती स्वस्त मिळाला ते दिसतं. तो याआधी कुठल्या बंडलमध्ये येऊन गेला, तेही दिसतं. स्टीम डीबीवर स्टीमच्या किमतींचा आलेख देशाप्रमाणे मिळतो, म्हणजे थेट रुपयांत.

रुपयांचा हा मुद्दा भारतातल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. बंडलचे बहुतेक व्हिडिओ आणि पोस्ट अमेरिकेतल्या हिशेबाने बनलेले असतात. तिथे २० डॉलरचा गेम २० डॉलरलाच मिळतो. स्टीमवर मात्र २०१५ पासून भारतासाठी रुपयांत किमती आहेत आणि अनेक निर्माते इथे मुद्दाम कमी किंमत लावतात. त्यामुळे जे बंडल अमेरिकन माणसाला लॉटरी वाटतं, ते आपल्याला बेताचंच परवडू शकतं.

एक हिशेब करून बघू

समजा वर सांगितलेलंच बंडल आहे. ८ गेम, १२ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरू. म्हणजे १,०२० रुपये. भारतीय कार्डाने डॉलरमध्ये पैसे दिले की बँक वर परकीय चलनाचं शुल्क लावते, अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. हे मिळून साधारण ४२ रुपये. खरा खर्च झाला १,०६२ रुपये.

आता ८ गेमची यादी घ्या आणि एकेक काट मारत जा.

दोन गेम तुमच्याकडे आधीच आहेत. त्यातला एक एपिकने कधीतरी फुकट दिला होता आणि तुम्ही तो घेऊन विसरला होतात. (हे हमखास होतं. एपिक २०१८ च्या डिसेंबरपासून नियमित फुकट गेम वाटतंय आणि त्यात चांगले इंडी गेम भरपूर असतात. बंडल घेण्याआधी स्वतःचीच लायब्ररी तपासणं हे निम्मं काम आहे.) एक गेम भुताखेतांचा आहे आणि तुम्हाला रात्री तसले गेम झेपत नाहीत. एक फक्त ऑनलाइन खेळायचा आहे आणि त्यावर आता चिटपाखरूही नाही. राहिले चार. त्यातले दोन तुम्हाला मनापासून हवे आहेत, उरलेले दोन 'बघू कधीतरी' प्रकारातले.

हव्या असलेल्या दोन गेमची स्टीमवरची आजवरची सर्वांत कमी किंमत समजा १५० आणि २२० रुपये आहे. बेरीज ३७०. म्हणजे सेलपर्यंत थांबलात तर ३७० रुपयांत काम होतंय आणि बंडलला १,०६२ लागतायत. फरक जवळपास ७०० रुपयांचा. 'बघू कधीतरी'वाले दोन गेम ७०० रुपयांना घेतले असते का? नसतेच घेतले.

आता हेच उलट करून बघा. चारही गेम हवेच असते आणि उरलेल्या दोघांची कमीत कमी किंमत ३०० आणि ४५० असती, तर बेरीज १,१२० झाली असती. तेव्हा बंडल परवडलं, तेही जेमतेम. आठापैकी निम्मे गेम मनापासून हवे असूनही फायदा फक्त ५८ रुपयांचा. मात्र सेलची वाट न बघता आज खेळायला मिळतं, याला जी किंमत तुम्ही द्याल ती वेगळी.

यात सगळ्यात कठीण असतं 'बघू कधीतरी'वाल्या गेमची किंमत ठरवणं. ती शून्य धरावी. हे जरा कठोर वाटेल, पण स्वतःची स्टीम लायब्ररी उघडून 'न खेळलेले' असा फिल्टर लावला तर बहुतेकांना ते पटेल. बंडलच्या पूर्ण धंद्याचा पायाच हा आहे की तो 'कधीतरी' आपण प्रत्यक्षाहून जास्त मोजतो.

तासाला किती रुपये पडले, असाही हिशेब काही जण करतात. हाऊ लाँग टू बीट या साइटवर कुठला गेम संपायला किती तास लागतात ते दिसतं. 'हॉलो नाइट'ची मुख्य गोष्ट संपवायला २५ तासांच्या वर लागतात, 'अ शॉर्ट हाइक' दीड-दोन तासांत संपतो. पण तासांवरून किंमत लावणं म्हणजे पुस्तक वजनावर घेण्यासारखं आहे. 'अ शॉर्ट हाइक'मध्ये एक छोटा पक्षी डोंगर चढतो, इतकंच आहे, आणि तो संपल्यावर लोक पुन्हा सुरू करतात. नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याला तर छोटा गेम जास्त उपयोगाचा, कारण तो संपतो तरी. तासांचा आकडा बघायचा तो वेगळ्या कारणासाठी. बंडलमधले पाच गेम मिळून १५० तासांचे असतील आणि तुम्हाला आठवड्याला ४ तास मिळत असतील, तर ही नऊ महिन्यांची बेगमी झाली. तेवढ्यात दोन मोठे सेल नक्की येतात आणि तेच गेम कदाचित आणखी स्वस्त होतात.

पायऱ्यांची गंमत

बरीचशी बंडल पायऱ्यापायऱ्यांची असतात. थोड्या पैशात दोन गेम, आणखी दिले तर पाच, पूर्ण रक्कम दिली तर आठ. सगळ्यात गाजलेला गेम बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर ठेवलेला असतो आणि त्याच्यासाठीच लोक वर चढतात. तुम्हाला हवा असलेला गेम खालच्या पायरीवर असेल तर तिथेच थांबा. हवा असलेला गेम फक्त शेवटच्या पायरीवर आणि एकच असेल, तर तो एकटा केवढ्याला मिळतो ते बघा.

हंबलने सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक युक्ती वापरली होती. सरासरीपेक्षा जास्त पैसे द्या आणि जादा गेम मिळवा. प्रत्येक जण सरासरीच्या थोडं वर देणार, मग सरासरीच वर सरकणार. जितकं उशिरा घ्याल तितकं महाग.

फॅनॅटिकलवर 'यादीतून तुम्हीच निवडा' असं बंडल असतं. तीन, पाच किंवा दहा गेम स्वतः निवडायचे. नको असलेलं गळ्यात पडत नाही म्हणून आपल्यासारख्यांसाठी हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. फक्त तिसरा गेम मिळाल्यावर पाचाचा आकडा गाठायला उगाच दोन उचलू नयेत.

आणि स्टीमच्या स्वतःच्या दुकानातलं बंडल? त्यात एक चांगली सोय आहे. 'संच पूर्ण करा' प्रकारच्या बंडलमध्ये तुमच्याकडे आधीच असलेल्या गेमचे पैसे वजा होतात आणि उरलेल्यांवर सूट तशीच लागते. किंमत रुपयांत, पैसे यूपीआयने, चलनाचं शुल्क नाही.

पैसे परत मिळतात का?

इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

स्टीमवरून थेट घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. स्टीमचं बंडलही परत करता येतं, पण ते दोन तास सगळ्या गेमचे मिळून मोजले जातात. बाहेरच्या साइटवरून बंडल घेतलं तर तुम्हाला गेम मिळत नाही, कोड मिळतो. तो स्टीममध्ये टाकला की गेम येतो. या कोडवर स्टीम पैसे परत करत नाही, कारण पैसे स्टीमला गेलेलेच नसतात. विकणाऱ्या साइटचे नियम वेगळे असतात आणि कोड एकदा उघडून पाहिला की बहुधा विषय संपतो.

कोडच्या आणखी दोन भानगडी आहेत. काही कोड ठराविक देशांतच चालतात, त्यात भारत आहे का ते खरेदीच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. काही कोडना मुदत असते. 'घेऊन ठेवलंय' म्हणणाऱ्यांचे कोड असे परस्पर बाद होतात. बंडल घेतलंत तर त्याच दिवशी हवे ते कोड खात्यात टाकून मोकळे व्हा.

पीसी आणि लॅपटॉपचं म्हणाल तर इंडी गेम सहसा साध्या मशीनवरही चालतात, तरी प्रत्येक गेमची गरज एकदा वाचावी. मॅकवाल्यांनी जास्त सावध राहावं. २०१९ मधल्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि जुन्या इंडी बंडलमध्ये असे गेम भरपूर आहेत.

याहून स्वस्त कोड विकणाऱ्या साइट आहेत की!

आहेत. आणि बंडलचे कोडच तिथे सुटे होऊन विकायला येतात. कुणीतरी शंभर बंडल उचलतो आणि गाजलेला गेम वेगळा विकतो. अधिकृत बंडलच्या अटींमध्ये अशा फेरविक्रीला मनाई असते, तरी ती चालते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे चोरीच्या कार्डाने घेतलेले कोड. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत घेते, वर निर्मात्याला दंड बसतो. कोड मात्र तोवर विकला गेलेला असतो. 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरने याचा पाठपुरावा केला. त्यांनी दिलेल्या यादीतले १९८ कोड चोरीच्या व्यवहारातले असल्याचं तपासणीत निघालं आणि जी२ए या साइटला २०२० मध्ये त्यांना सुमारे ३९,६०० डॉलर मोजावे लागले. एखाद्या छोट्या टीमचा गेम आवडतो म्हणून घेताय आणि पैसे त्याच टीमच्या खिशातून जातायत, असं व्हायला नको असेल तर अशा साइटपासून लांब राहिलेलं बरं. असा कोड नंतर रद्द झाला तर दाद मागायलाही जागा नसते.

मग इंडी निर्मात्याला बंडलमधून खरंच काही मिळतं का?

मिळतं, पण किती ते बंडलवर अवलंबून. १२ डॉलरमधून साइटचा वाटा, दानाचा वाटा आणि करबिर वगळून जे उरतं ते आठ टीममध्ये वाटलं जातं. प्रत्येकाच्या वाट्याला ग्राहकामागे काही सेंट ते एखादा डॉलर. तीन वर्षं जुन्या, विक्री थंडावलेल्या गेमसाठी हे वाईट नाही. एकदम हजारो नवे खेळणारे मिळतात आणि त्यातले काही पुढचा गेम पूर्ण किमतीला घेतात. पण एखाद्या निर्मात्याला मदत करणं हाच तुमचा हेतू असेल, तर त्याचा एकच गेम स्टीमवर किंवा इचवर सेलमध्ये घेतला तरी त्याच्या हाती बंडलपेक्षा जास्त पडतं.

एक अपवाद: दानासाठीची बंडल

जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत आंदोलनं पेटली असताना, इच डॉट आयओने वांशिक न्यायासाठी एक बंडल काढलं. कमीत कमी ५ डॉलर. सुरुवातीला सातशेच्या वर गोष्टी होत्या, पण निर्माते आपणहून येत गेले आणि शेवटी आकडा १,७०० च्या पुढे गेला. 'सेलेस्ट', 'नाइट इन द वुड्स', 'अ शॉर्ट हाइक' असे नावाजलेले गेम त्यात होते. ८ लाखांहून जास्त लोकांनी मिळून ८१ लाख डॉलर दिले आणि सगळी रक्कम दोन निधींना गेली. निर्मात्यांनी एक पैसा घेतला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी १० डॉलरचं असंच बंडल निघालं, जवळपास हजार गोष्टींचं, आणि त्यातून ६० लाखांहून जास्त डॉलर जमले.

इथे वरचा रुपयांचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. ५ डॉलर त्या कामाला द्यायचे आहेत का, एवढाच प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर एक गेम जरी आवडला तरी तो वरकड. उत्तर 'नाही' असेल तर १,७०० गोष्टींचा आकडा बघून भुलू नका. त्यातल्या शेकडो गोष्टी गेम नसतातच. कागदावर खेळायच्या खेळांचे पीडीएफ, संगीत, गेम बनवणाऱ्यांसाठी चित्रं असा सगळा मालमसाला असतो. चाळायलाच एक रविवार जातो.

अशा बंडलचा एक फायदा मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. इचवरचे बरेचसे गेम थेट फाइल म्हणून उतरवता येतात, त्यांना कुठल्या दुकानाचं कुलूप नसतं. स्टीमवर तसं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम स्वतःच पैसे भरताना सांगतं की तुम्ही गेम विकत घेत नसून तो वापरायचा परवाना घेताय. फक्त इचवर मोठं बंडल घेतलं की सगळे गेम लायब्ररीत आपोआप येत नाहीत. बंडलच्या पानावर जाऊन हवा तो गेम एकेक करून उघडावा लागतो, मगच तो तुमच्या यादीत दिसतो. त्या पानाची लिंक ईमेलवर येते. २०२० चं बंडल घेतलेल्या अनेकांच्या इनबॉक्समध्ये ती अजून पडून असेल. नवीन बंडलवर पैसे घालण्याआधी ती एकदा उघडून बघा, 'सेलेस्ट' तिथेच आहे.